मोजणी मी थांबवली होती

गंगाधर,

मोजणी मी बंद केली होती. चैत्रात, शेळ्यांच्या कानात बिल्ले मारायच्या शिबिराच्या आदल्या सकाळी, माझ्याच खुर्चीवर बसून, माझ्याच लॉगिननं. हे वाक्य मी तीन वर्षांत कोणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, साहेबांपुढं नाही, आणि तू समोर उभं राहून विचारलंस तेव्हा तुझ्यापुढंही नाही.

तुझा तेरावा होऊन पाच दिवस झाले. संस्थेच्या अंकासाठी तुझ्यावर चार पानं लिहून द्या, तुमचं जवळचं होतं, असं साहेब म्हणाले. वर हेही म्हणाले, "ते इंडेक्सचं प्रकरण नका काढू. गेलेल्या माणसाबद्दल बरं तेवढं लिहावं." मी मान हलवली. मान हलवणं मला किती चांगलं जमतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण घरी येऊन कागद घेतला आणि लक्षात आलं की ते प्रकरण सोडलं तर तुझ्याबद्दल मी जे काही लिहीन ते खोटंच होईल. तू हुशार होतास असं लिहिलं तर वाचणारा मनात म्हणणार, हो, पण त्या वेळी चुकला. तू चुकला नव्हतास.

हा अंक वाचणाऱ्यांत जनावरांचे डॉक्टर आहेत, लस टोचणारे आहेत, ऑफिसातले लोक आहेत. मोजणी म्हणजे काय हे सगळ्यांना कळेलच असं नाही. ते मी सांगायला गेलो तर कोणाला झोप येईल. तू सांगायचास ते लोकांना कळायचं. नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा गच्चीवर जेवताना विचारलं होतं, शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला की कधी लगेच उत्तर येतं आणि कधी चाक फिरत राहतं, असं का? तू भाकरी तशीच हातात धरून सुरू झालास.

"मॅडम, मह्या बापाकडं दोन-अडीचशे मेंढरं व्हती. सकाळी वाडा सोडायच्या आधी बाप ठरवायचा, वढ्याच्या पाऊलवाटंनं जायचं का सडकंनं. मेंढरं थोडी असली तर पाऊलवाट. एकामागं एक काढली की झालं. लय असली तर सडक, लांब पडती पण समदा कळप एका दमात जातो. आता बाप काय रोज मोजत बसायचा न्हाई. मागल्या मोजणीचा आकडा त्याच्या डोक्यात असायचा. किती हायत, किती गाभण, किती लंगडी. त्याच्यावर वाट ठरायची. आन् मधी पन्नास कोकरं झाली आन् आकडा जुनाच ऱ्हायला, तर वढ्यातच दुपार व्हायची."

"मग डेटाबेसचं काय?" त्या म्हणाल्या.

"डेटाबेस म्हंजे मव्हा बापच हाय. त्याच्याकडं दर इंडेक्सचा, म्हंजे नोंदी हुडकायच्या यादीचा, एक गोषवारा असतो. नोंदी किती, कोणत्या गावच्या जास्त, कोणत्या तारखंच्या कमी. तुमी प्रश्न इचारला की तो नोंदी बघत न्हाई, आधी गोषवारा बघतो आन् वाट धरतो. गोषवारा ताजा असला तर वाट बरोबर. शिळा असला तर खड्ड्यात. चूक त्याची नसती हो, त्याला इमानदारीनं तसंच वाटत असतं."

मी म्हणालो, "तुझा बाप ऐकत असेल ना वर." तू म्हणालास, "ऐकू दे की सेलूच्या शेटजी. माणसाला मशीन म्हणण्यापरीस मशीनला माणूस म्हणलेलं बरं."

मी रोज सेलूहून गाडीनं यायचो म्हणून मी शेटजी. माझ्या बापाचं कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीत आयुष्य गेलं हे तुला ठाऊक होतं, तरी शेटजी.

गोषवारा ताजा ठेवायचा म्हणजे नोंदी अधूनमधून पुन्हा मोजायच्या. कुठंही हे काम रात्री होतं, लोक झोपलेले असताना. आपल्याकडं रात्री सर्व्हरच बंद असायचा. एकदा लाईटच्या ये-जात डिस्क जळाली, तेव्हापासून शिपायानं कुलूप लावताना सर्व्हर बंद करायचा हा साहेबांचा हुकूम. म्हणून आपली मोजणी सकाळी साडेनऊला. नेमक्या त्याच वेळेला तालुक्या-तालुक्यातून नोंदी यायला लागायच्या आणि पंधरा-वीस मिनिटं सगळं जड चालायचं. ऑपरेटर मला फोन करून बोलायचे. तुला कोणी बोलायचं नाही, तू त्यांनाच दोन शब्द ऐकवायचास.

चैत्रातलं शिबिर दोन दिवसांचं होतं. सकाळच्या वेळी अडकायला नको म्हणून मी मोजणी थांबवली. ठरावीक फेरफार झाले की डेटाबेस आपणहून मोजतो, तेही बंद केलं. वहीत नोंद केली नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू "नको" म्हणाला असतास आणि मला वाद नको होता. तिसऱ्या दिवशी सुरू करायची होती. विसरलो. गंगाधर, यात कट नव्हता, डाव नव्हता. नुसतं विसरलो. इथपर्यंतचं मी त्याच आठवड्यात सांगितलं असतं तर तू चार शिव्या घालून चहा पाजला असतास.

वैशाख गेला, जेठ गेला, काही झालं नाही. त्या दिवसांत जनावरांची ये-जा थोडी असते. गोषवारा म्हणत होता काहीच नाही, आणि खरोखरच फार काही नव्हतं. मग आखाड लागला. आखाडात आपल्याकडं शेळ्यांचे बाजार कसे फुगतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. नोंदींवर नोंदी पडायला लागल्या. आणि चैत्रानंतरची एकही तारीख गोषवाऱ्यात नव्हती. डेटाबेसच्या समजुतीनं चैत्रानंतर एकही शेळी बाजारात आलेली नव्हती.

त्याच आखाडात एका दिवशी तुमच्या भागातल्या शेळ्यांच्या बाजाराच्या दारावर आपला माणूस टॅब घेऊन बसला होता. बिल्ल्याचा नंबर टाकायचा. लस टोचली आहे का, आणि गेल्या तीन आठवड्यांत जनावर आजारी गावातून किंवा बाजारातून फिरून आलंय का, एवढं बघून आत सोडायचं. पहिलं उत्तर झटक्यात यायचं. दुसऱ्यासाठी डेटाबेसनं पाऊलवाट धरली. त्याला वाटत होतं दोन-चार नोंदी असतील, एकेक काढू. हजारोंनी होत्या, आणि त्यानं एकेक काढली. एका शेळीला आठ-नऊ मिनिटं. वरून पाऊस, खाली चिखल, रांग सडकेपर्यंत गेलेली, माणसं दारावरच्याच्या अंगावर यायला लागलेली. शेवटी तिथल्या माणसानं टॅब पिशवीत घातला आणि दार उघडं टाकलं. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी तासभर आधीच उघडलं असतं.

तू त्या वेळी बाजारातच होतास. तुझाच भाग, म्हणून पहाटेच्या एसटीनं गेला होतास. ऑफिसात मी एकटा. साहेब आत आले, फोन कानालाच. म्हणाले, "परवापासून काय बदललं?"

मी म्हणालो, "गंगाधरनं काल एक इंडेक्स केलाय. गावाच्या कोडवर."

वाक्य खरं होतं. खरं होतं म्हणून तर इतक्या सहज निघालं. आणि ते बोलताना माझ्यासमोरच्या पडद्यावर मोजणीच्या कामापुढं "बंद" असं दिसत होतं. दहाच मिनिटांपूर्वी मला ते सापडलं होतं.

"काढा तो आधी," साहेब म्हणाले.

मी दोन ओळी लिहिल्या. एक तुझा इंडेक्स काढायची. दुसरी सगळे आकडे नव्यानं मोजायची. दोन्ही एकदम चालवल्या. काही मिनिटांत नंबर टाकला की उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत यायला लागलं. साहेबांना एकच ओळ माहीत होती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बघा, इंडेक्सच होता." मी मान हलवली. मग मोजणीचं काम पुन्हा सुरू करून ठेवलं, आणि जागा कमी पडते या नावाखाली जुन्या कामांच्या नोंदी साफ केल्या. आकडे नव्यानं मोजले की मागच्या मोजणीची तारीख आपोआप पुसली जाते. बाकीचं मी पुसलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आधीच तू आलास तो सरळ माझ्या टेबलाशी. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, तशीच वाळलेली.

"सुधाकर, मह्या इंडेक्सनं असं व्हत न्हाई रे."

"काढल्यावर सुरू झालं ना?"

"ते झालं. पण ऐक की. इंडेक्स नवा केला की त्याचे आकडे तवाच मोजून व्हतेत. म्हंजे मव्हा आकडा ताजा. शिळा असंल तर तारखंच्या इंडेक्सचा. बरं, इंडेक्स काढला म्हणून डेटाबेसनं वाट नव्यानं ठरवली म्हणशील, तर नवी वाट बी तो जुन्याच आकड्यावर ठरवणार. मग ती बरोबर कशी आली?"

तू वाकून माझ्याच पडद्यावर मोजणीची वेळ काढलीस.

"कालची हाय. पण पावणेबारा कामून दाखवायलंय? आपली तर साडेनऊला असती."

"सर्व्हर उशिरा लावला काल," मी म्हणालो.

तू म्हणालास, "शिपाई तर म्हणला नवालाच लावला." आणि आपल्या जागेवर जाऊन बसलास. मला वाटलं आता तू साहेबांकडं जाशील. तू गेला नाहीस. मी तुला खरं सांगेन याची तू वाट बघत होतास, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं, सुटलो.

अहवालावर सही माझी आहे. "चाचणी न करता केलेल्या इंडेक्समुळे प्रणाली मंदावली." भाषा बघ, कशी गुळगुळीत. तुझं कंत्राट पुढं वाढलं नाही. आणि तीन आठवड्यांत तुमच्या भागात शेळ्यांना पीपीआरची साथ लागली. नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि चार-पाच दिवसांत जनावर आडवं. त्या दिवशी उघड्या दारानं एका आजारी गावचा कळप आत गेला होता, हे मागाहून कळलं. तुझ्या थोरल्या भावाचा गोठा निम्मा झाला. खड्ड्यात चुना टाकायला तूच उभा होतास म्हणे. गावातली माणसं तोंडावर म्हणायची, "ह्याच्या कम्पुटरनं आणला रोग." एक म्हातारी तुला बघितलं की शेळ्या आत घालायची, असं वहिनींनी सांगितलं. तुझ्याच घरात जन्मापासून मेंढरं, आणि तुला बघून शेळ्या आत. भाऊ वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं मला वेळच्या वेळी कळत होतं. मी रोजची गाडी पकडत होतो.

आणि हे त्याच माणसाबरोबर, ज्यानं माझी आई परभणीच्या दवाखान्यात अकरा दिवस होती तेव्हा माझं काम कोणाला न सांगता ओढलं. मी परत आलो तेव्हा टेबलावर एक काम तुंबलेलं नव्हतं. मी आभार मानायला लागलो तर तू म्हणालास, "गप की. तुही आई काय मला परकी हाय?" ती तुझ्या हातचा चहा प्यायची, माझ्या हातचा नाही. गोड कमी असतो म्हणायची.

आपला एक वाद अर्धाच राहिला. मी म्हणायचो, सगळ्या नोंदी कशाला मोजायच्या, शंभरातल्या पाच बघून अंदाज येतो, वेळ वाचतो. तू म्हणायचास, "येतो की अंदाज. पण वाड्याच्या एकाच कोपऱ्यातली मोजलीस तर फसशील. आजारी मेंढरू कवाच मधी बसत न्हाई, कडंला बसतंय." मी तेव्हा हसलो होतो. त्यानंतर आजारी गावांच्या नोंदी कधी बघितल्या तर त्या खरोखर अशाच असतात, थोड्या आणि एका बाजूला गोळा झालेल्या. थोडं बघून अंदाज बांधला तर त्या सुटतात. आता मी सगळ्याच्या सगळ्या मोजतो. हे तुला सांगायचं होतं. एवढं साधं सांगायलाही मी आलो नाही, कारण त्या विषयाच्या जवळसुद्धा जायची मला भीती वाटायची.

पोखर्णीचा दिवस मी कोणाला सांगितलेला नाही. नोकरी गेल्यावर दोनेक महिन्यांनी, शनिवारी, तू ऑफिसच्या खाली गाडी घेऊन उभा. "चल पोखर्णीला जाऊन येऊ." मला वाटलं नरसिंहाच्या दर्शनाला. वाटेत तू एक अक्षर बोलला नाहीस. देवळाच्या पायरीशी आल्यावर चपला काढल्यास आणि म्हणालास,

"सुधाकर, मला नोकरी परत नको. साहेबाकडं बी जायचं न्हाई. नरसिंहाच्या पायरीवर हात ठिव आन् एवढंच सांग, मोजणीला तू हात लावला व्हतास का न्हाई?"

आपल्या भागात त्या पायरीवर खोटं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. भांडणं मिटतात तिथं, बांधाचे वाद तुटतात. मी वाकलो. हात पुढं केला. दगडाला हात लागायच्या आधी तू माझं मनगट धरलंस.

"ऱ्हाऊ दे. तू न्हाई म्हणशील आन् मला ते ऐकायचं न्हाई."

मग आपण आत गेलो. तू घंटा वाजवलीस, माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवलास. परत येताना मात्र तू बोलत होतास. पोरीच्या ॲडमिशनबद्दल, एसटीच्या वेळेबद्दल. स्टेशनवर मला सोडलंस आणि म्हणालास, "गाडी चुकंल, जा." मला खोट्या शपथेतून वाचवलंस, की त्या एका क्षणी खरं बोलून मोकळं व्हायची माझी वाट अडवलीस? तीन वर्षं मी हे कुरवाळत बसलो आहे. खरं सांगतो, वाट अडवली म्हणणं हाही माझा भेकडपणाच. तोंड काही तू धरलं नव्हतंस. पुढं स्टेशनपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा होता.

तेराव्याला सगळं आटोपल्यावर तुझी ज्योती माझ्याजवळ येऊन बसली. ती आता परभणीत कॉम्प्युटर शिकते, हे तुला सांगायला नको. तिच्या हातात तुझी वही होती. जुन्या लॅपटॉपवर तू तो सगळा प्रकार पुन्हा उभा केला होतास. खोट्या शेळ्या, खोटी गावं, चैत्रापर्यंत मोजलेले आकडे आणि आखाडापर्यंतच्या नोंदी. तुझा इंडेक्स ठेवून वेळ किती, काढून किती. दोन्हीकडं तेवढाच उशीर. मग फक्त आकडे नव्यानं मोजून. इंडेक्स असो नसो, झटक्यात. पानामागून पानं, बारीक अक्षरात. शेवटच्या पानावर एकच ओळ: "मोजणी चैत्रात थांबलेली होती. बाजारच्या दिवसाची पावणेबाराची मोजणी हातानं केलेली आहे." कोणी, ते लिहिलेलं नाही. वही मी उलटसुलट करून बघितली. माझं नाव एकदाही नाही.

ज्योतीनं विचारलं, "काका, मोजणी बंद-चालू करायचा हक्क ऑफिसात कितीजणांना होता?"

"दोघांना," मी म्हणालो.

मग तिनं वही मिटली आणि म्हणाली, "चहा घेऊन जा काका. आई कवाची थांबलीय." मी चहा घेतला. गोड होता. पलीकडं तुझे भाऊ दोघा-तिघांना सांगत होते, "शिकलेला व्हता, पण एका चुकीनं घालवलं बघा समदं." मी ऐकलं. कप खाली ठेवला, वहिनींना नमस्कार केला आणि एसटीत येऊन बसलो.

साहेब, हा मजकूर तुम्ही छापणार नाही म्हणालात तरी चालेल. एक प्रत ज्योतीला पोस्टानं टाकली आहे, आणि अहवाल चुकीचा असल्याचा अर्ज माझ्या सहीनिशी तुमच्या टेबलावर ठेवला आहे. पुढं माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

गंगाधर, लिहून देणं मला सोपं गेलं. लिहिताना समोर कोणी नसतं. तुझ्या गावातल्या लोकांच्या हातात हा अंक जाणार नाही, आणि ज्यांच्या शेळ्या त्या खड्ड्यात गेल्या ते अजून तुझंच नाव घेतात. तुमच्या पारावर, तुझ्या भावासमोर आणि त्या म्हातारीसमोर उभं राहून, चूक गंगाधरची नव्हती, माझी होती, हे मी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. तेवढं मी तुझं देणं लागतो.

सुधाकर